घरापासून दूर, कधीही एकटे नाही : तरुण मॉर्मन मिशनऱ्यांचे रोजचे जगणे

उंबरठा (धागाकर्ती)

आम्ही अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्हो यांच्या दरम्यान असलेल्या लीहाय या गावात राहतो. इथे शाळा संपवलेल्या मुलाला पुढे काय शिकणार हे विचारण्याआधी ‘मिशनवर (म्हणजे चर्चच्या धर्मप्रसाराच्या कामासाठी) कुठे निघालास?’ असे विचारले जाते, कारण आमच्या गल्लीतील बहुतेक कुटुंबे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चची, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांची आहेत. (चर्चने 2018 पासून पूर्ण नावाचा आग्रह धरला आहे, मी इथे केवळ सोयीसाठी रूढ शब्द वापरते.) पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावून जोडीने फिरणारी ही मुले आपल्यापैकी परदेशी राहणाऱ्या अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्या धर्ममतांवर भरपूर वाद होऊन गेले आहेत आणि ते पुन्हा उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मला लिहायचे आहे ते त्यांच्या दिवसाविषयी, कारण शेजारच्या मुलाची तयारी, त्याची आठवड्याची पत्रे आणि त्याच्या आईशी होणाऱ्या गप्पा यांतून माझे एक मत बनत गेले आहे : दारोदार मिळणारे नकार हा या मुलांच्या मिशनमधला सर्वांत कठीण भाग नसून, स्वतः न निवडलेल्या जोडीदाराबरोबर चोवीस तास राहणे हा खरा कठीण भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुलगे दोन वर्षे जातात आणि मुली दीड वर्ष. ऑक्टोबर 2012 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी मुलांचे किमान वय 19 वरून 18 आणि मुलींचे 21 वरून 19 केले. त्यानंतर मिशनऱ्यांची संख्या सुमारे 58 हजारांवरून दोन वर्षांच्या आत 80 हजारांच्या पुढे गेली. मुलींचा ओघ वाढला तो मुख्यतः याच निर्णयामुळे, कारण एकविसाव्या वर्षापर्यंत अनेकींची लग्ने ठरून गेलेली असत.

अर्ज करताना स्थानिक बिशपची मुलाखत होते, डॉक्टरची आणि दातांची तपासणी होते, आणि अक्कलदाढा त्रास देतील असे वाटले तर त्या आधीच काढून टाकतात. गालांना बर्फाच्या पिशव्या लावून सोफ्यावर पडलेला मुलगा दिसला की आमच्या गल्लीत सगळे ओळखतात, याची जायची वेळ जवळ आली. नेमणूक कुठे होणार हे उमेदवाराने ठरवायचे नसते. पूर्वी घरी मोठा पांढरा लिफाफा येत असे. 2018 च्या अखेरीपासून ते पत्र संगणकावर येते. तरीही सर्व नातेवाईक जमवून, भिंतीवर जगाचा नकाशा लावून आणि प्रत्येकाने एकेका देशावर चिठ्ठी चिकटवून ते मोठ्याने वाचण्याची पद्धत कायम आहे. शेजारच्या मुलाला फिलिपिन्समधील सेबू मिळाले. त्याने शाळेत चार वर्षे स्पॅनिश शिकलेले होते, ते बाजूला ठेवून त्याला सेबुआनो भाषा शिकावी लागली.

निघण्यापूर्वी चर्चचे स्थानिक प्रमुख डोक्यावर हात ठेवून एक विधी करतात आणि त्या क्षणापासून मिशनचे सर्व नियम लागू होतात, मग विमान दुसऱ्या दिवशीचे का असेना. पुढचा मुक्काम प्रशिक्षण केंद्राचा. प्रोव्होमधील मुख्य केंद्र ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शेजारीच असून तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवतात. शिकवणारे बरेचसे त्याच विद्यापीठातले विद्यार्थी असतात, जे स्वतः नुकतेच त्या भाषेच्या देशातून परत आलेले असतात. महासाथीपासून सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो आणि नंतर केंद्रात जाऊन, भाषेच्या अवघडपणानुसार, काही आठवडे राहावे लागते. व्याकरणाआधी प्रार्थना शिकवतात, त्यामुळे ही मुले देवाशी त्या भाषेत अस्खलित बोलू लागतात आणि बाजारात टोमॅटोचा भाव विचारताना मात्र अडखळतात, असे तिथे शिकवणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने मला सांगितले.

आता रोजचा दिवस. पारंपरिक वेळापत्रक असे की सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ आणि न्याहारी, आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथांचे वाचन, नऊ वाजता जोडीदाराबरोबर अभ्यास, परभाषेच्या प्रदेशात असल्यास भाषेचा सराव, आणि मग घराबाहेर. दुपारचे आणि रात्रीचे जेवण सोडले तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बाहेरच राहायचे. परत आल्यावर उद्याचे नियोजन करायचे आणि साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून स्थानिक परिस्थितीनुसार या वेळा पुढेमागे करण्याची मुभा दिली गेली, कारण जिथे लोक रात्री नवाला जेवतात आणि जिथे संध्याकाळी सहानंतर कोणी दार उघडत नाही, अशा दोन्ही ठिकाणी एकच घड्याळ चालत नव्हते.

बाहेर म्हणजे काय, तर ठरलेल्या भेटी, चर्चमध्ये येणे थांबवलेल्या सभासदांकडे जाणे, आजारी माणसाचे अंगण झाडून देणे, कोणाचे सामान हलवायला मदत करणे, इंग्रजीचे मोफत वर्ग घेणे, आणि काहीच ठरलेले नसेल तर दारे ठोठावणे किंवा बसथांब्यावर लोकांशी बोलणे. भेट रद्द होणे हा नित्याचा अनुभव आहे. माणूस घरात असतो, दूरचित्रवाणीचा आवाज येत असतो आणि दार उघडत नाही. शेजारच्या मुलाच्या पत्रांतील निम्मा मजकूर अशा बंद दारांचा असतो, पण गंमत म्हणजे त्याबद्दल तो कुरकुर करत नाही. कुरकुर असते ती जोडीदाराबद्दल.

जोडीदार मिशनचे अध्यक्ष, म्हणजे त्या प्रदेशातील मिशनऱ्यांचे प्रमुख, नेमून देतात. एकाच खोलीत वेगवेगळ्या पलंगांवर झोपायचे, एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्याबाहेर जायचे नाही, आणि त्याला अपवाद फक्त न्हाणीघराचा. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही आणि कधी काहीच नाही, म्हणजे ज्याचे घोरणे सोसवत नाही त्याच्याबरोबर आणखी सहा आठवडे. दोन वर्षांत अशा सतरा-एक फेऱ्या होतात. आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे गुण सांगायचे, जे खटकते तेही सांगायचे आणि मग एकत्र प्रार्थना करायची, असा नियमच आहे. एकोणीस वर्षांच्या दोन मुलांनी दर आठवड्याला हे करायचे, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही नवराबायकोंनी असे एकदाही केलेले नाही.

सोमवार बहुतेक ठिकाणी मोकळा असतो. मोकळा म्हणजे कपडे धुणे, किराणा, केस कापणे, घरी पत्र आणि संध्याकाळी पुन्हा काम. पोहण्यास मनाई आहे, चित्रपट नाहीत, प्रेमप्रकरण नाही, चहा-कॉफी तर या चर्चमध्ये कोणीच घेत नाही. फेब्रुवारी 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला करता येत असे. आता दर आठवड्याला बोलता येते. शेजारच्या बाई म्हणाल्या की थोरल्याच्या वेळी त्या वर्षातले दोन फोन जपून ठेवायच्या आणि धाकट्याच्या वेळी मात्र सोमवार आला की ‘आज काय तक्रार असेल’ या धास्तीने फोन घेतात. सवलत कोणाला सुखाची झाली आणि कोणाला नाही, हे सांगणे अवघड आहे.

आपल्यापैकी कोणाचा या मुलांशी जवळून संबंध आला असल्यास अवश्य लिहावे.

निळासावळा

लेख आवडला. एक व्यावहारिक शंका विचारतो. या दोन वर्षांचा खर्च चर्च करते की घरचे लोक? आणि तिकडे त्यांच्या हातात पगारासारखे काही मिळते का?

उंबरठा

निळासावळा, पगार नसतो. उलट हे लोक स्वतः पैसे भरून जातात. अमेरिकेसारख्या देशांतील मुलाने दरमहा ठरावीक रक्कम आपल्या स्थानिक चर्चमध्ये जमा करायची असते. ती बरीच वर्षे 400 डॉलर होती आणि जुलै 2020 पासून 500 डॉलर झाली, म्हणजे दोन वर्षांचे 12 हजार डॉलर. मुलगा जपानात असो की पेरूमध्ये, रक्कम तीच. गरीब देशांतील मिशनऱ्यांनी जमेल तेवढे द्यावे आणि उरलेला भार चर्चच्या सामायिक निधीने उचलावा, अशी व्यवस्था आहे.

ही समान रक्कम नेहमीच नव्हती. पूर्वी ज्याला स्वस्त देश मिळे त्याचे घर निभावून जाई आणि ज्याला महागडे शहर मिळे त्याचे आईवडील कर्जात जात. त्यातच आयकराचा एक खटला गाजला. डेव्हिस नावाच्या दांपत्याने आपल्या मुलांच्या वैयक्तिक खात्यांवर मिशनसाठी पाठवलेले पैसे धर्मादाय देणगी म्हणून दाखवले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये ते अमान्य केले, कारण ते पैसे चर्चच्या ताब्यात गेलेच नव्हते. सामायिक निधीची आजची पद्धत त्याच सुमारास आली. पैसा चर्चकडे जातो आणि चर्च त्यातून घरभाडे भरते व मुलाच्या कार्डावर महिन्याच्या जेवणखाणाची बेताची रक्कम टाकते. ती महिनाअखेर पुरत नाही आणि मग नूडल्सवर दिवस काढावे लागतात, हे मात्र प्रत्येक पत्रात असते.

आमच्या गल्लीतील मुले बारा-तेरा वर्षांची झाली की हिरवळ कापणे, बर्फ काढणे, मुले सांभाळणे अशी कामे करून मिशनचे पैसे साठवू लागतात. निम्मे त्याचे आणि निम्मे आईबापांचे असा घरोघरी अलिखित करार असतो.

मनिलाकर

उंबरठाताई, तुमच्या शेजारच्या मुलाला सेबू मिळाले म्हणून मुद्दाम लिहितो. मी गेली काही वर्षे मनिलात नोकरीनिमित्त राहतो आणि कामासाठी सेबूला जाणेयेणे असते. फिलिपिन्समध्ये या चर्चचे काम 1961 मध्ये सुरू झाले आणि आज इथे त्यांचे आठ लाखांहून अधिक सभासद आहेत. मनिलात 1984 पासून आणि सेबूत 2010 पासून त्यांची मंदिरे आहेत. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या मिशनऱ्यांत गोऱ्या मुलांपेक्षा फिलिपिनो मुलेमुली पुष्कळ असतात, आणि तुम्ही जोडीदाराचा जो मुद्दा मांडला आहे त्याला इथे आणखी एक पदर येतो.

आमच्या कार्यालयातील एक सहकारी स्वतः मिशन करून आलेला आहे. त्याचा पहिला जोडीदार युटाचा होता. युटाच्या मुलाला बादलीतून तांब्याने अंघोळ करणे, हाताने कपडे धुणे, दिवसातून तीनदा भात खाणे आणि वीज गेल्यावर घामाने थबथबत झोपणे हे सारे तपश्चर्येसारखे वाटत होते आणि त्याचे वर्णन तो घरी मोठ्या अभिमानाने लिहीत असे. माझा सहकारी म्हणतो, ‘मी ती पत्रे वाचायचो तेव्हा मला कळेना की हा माझ्या आईच्या घराचे वर्णन करतो आहे की संकटाचे.’ दुसरीकडे सगळ्या भेटींत बोलायचे काम याच्यावर येई, कारण भाषा याची होती, आणि लोक मात्र पाहत राहत त्या उंच अमेरिकन मुलाकडे. दोघांचे एकदा कडाक्याचे भांडण झाले. एकमेकांशी न बोलता दोन दिवस ते जोडीने फिरले, कारण नियमाप्रमाणे वेगळे फिरणे शक्यच नव्हते. पुढे तोच युटावाला याच्या लग्नाला विमानाने आला होता.

पैशाचा फरकही दुर्लक्षण्याजोगा नाही. मिशनमध्ये दोघांना सारखीच रक्कम मिळते आणि ती एकासाठी चणचण असते, तर दुसऱ्यासाठी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हातात आलेली नियमित रक्कम असते. कित्येक स्थानिक मुले त्यातून वाचवून घरी पाठवू पाहतात आणि तसे करू नये असे त्यांना समजवावे लागते.

कोरडेठाक

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मला यात एक गोष्ट सातत्याने खटकते. अठरा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडायचे, त्याला एकांत द्यायचा नाही, त्याने काय पाहावे आणि काय ऐकावे ते ठरवायचे, त्याच्या फोनवर लक्ष ठेवायचे, आणि सतत सोबत असलेल्या जोडीदारालाच एक प्रकारे पहारेकरी करायचे, याला शिस्त म्हणावे की नियंत्रण? शिवाय दारे ठोठावून धर्मांतरे फारशी होत नाहीत हे त्यांनाही ठाऊक असेलच. मग हा सारा खटाटोप दुसऱ्यांना बदलण्यासाठी आहे की या मुलांनाच चर्चला कायमचे बांधून घेण्यासाठी?

उंबरठा

कोरडेठाक, तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अधिक नेमका वाटतो. दारे ठोठावण्याचे फळ फार थोडे मिळते, आणि बहुतेक नवे सभासद कोणा ना कोणा ओळखीच्या सभासदाच्या माध्यमातून येतात, हे चर्चचे लोक उघडपणे सांगतात. अमेरिकेतील राजकारणी मिट रोमनी 1966 ते 1968 या काळात फ्रान्समध्ये मिशनवर होते. वाइनच्या देशात जाऊन मद्य सोडा म्हणून सांगणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येते. त्याच काळात ते चालवत असलेल्या मोटारीला भीषण अपघात झाला, मिशनच्या अध्यक्षांच्या पत्नी त्यात दगावल्या आणि स्वतः रोमनी मेल्याचीच बातमी आधी पसरली होती. त्यानंतरही ते परतले नाहीत, मुदत पूर्ण करूनच आले. दोन वर्षे जो माणूस रोज आपली श्रद्धा परक्यांसमोर मोठ्याने मांडतो, त्याची स्वतःची श्रद्धा पक्की होते, हे चर्चला कळत नसेल असे मी म्हणणार नाही.

तरीही ‘पहारेकरी’ हा शब्द मला अर्धाच पटतो. जोडीदारामुळे नियम मोडणे अवघड होते, हे खरे. परंतु परक्या शहरात रात्री आजारी पडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ कोणीतरी असते, हेही त्याच नियमामुळे. मुलींच्या बाबतीत तर सुरक्षिततेचा भाग फार मोठा आहे. दबावाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. मुलींसाठी मिशन ऐच्छिक मानले जाते. मुलांसाठी ते कर्तव्य आहे असे चर्च स्पष्ट सांगते, आणि न गेलेल्या मुलाकडे आमच्या गल्लीत कसे पाहिले जाते ते मी पाहिलेले आहे. त्याला कोणी काही बोलत नाही. फक्त जेवणाच्या पंगतीत त्याच्या आईला त्याच्याविषयी कोणी काही विचारत नाही.

सायली_मेसा

मी ॲरिझोनातील मेसा येथे समुपदेशक म्हणून काम करते. मेसा हे मॉर्मन लोकांनीच वसवलेले गाव असल्यामुळे मिशनवरून मुदतीआधी परत आलेली मुले आणि त्यांचे आईवडील यांच्याशी माझा वारंवार संबंध येतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून सर्वसाधारण तेवढेच लिहिते.

मुदतीआधी परत येण्याची कारणे अनेक असतात : चिंतेचे झटके, नैराश्य, पोटाचे जुनाट विकार, गुडघ्याची दुखापत, कधी श्रद्धाच ढळणे. त्यांत जोडीदार हे एकमेव कारण क्वचित असते, पण जवळजवळ प्रत्येक कहाणीत जोडीदार असतोच. ज्या मुलाला घरी असताना दुःख झाले की खोलीचे दार लावून पडून राहण्याची सवय होती, त्याला तिथे ती सोय नसते. रडायचे तर न्हाणीघरात, आणि तेही फार वेळ नाही, कारण बाहेर दुसरा थांबलेला असतो. चांगला जोडीदार असेल तर तोच सर्वांत आधी ओळखतो की हा जेवत नाही, झोपत नाही, आणि अध्यक्षांना फोन करतो. मी असेही पाहिले आहे की वाईट जोडीदाराने आजाराला आळस ठरवले आणि मुलगा आणखी कित्येक आठवडे तसाच ओढत राहिला.

अलीकडे चर्चने मानसिक आरोग्यासाठी सल्लागार नेमले आहेत, आणि आरोग्यामुळे बाहेर जाता येत नाही अशा मुलांना घरी राहून सेवाकार्य करण्याचे मिशन दिले जाते. अन्नवाटप केंद्रात किंवा रुग्णालयात काम करताना त्यांच्याही छातीवर तीच नामपट्टी असते. हा बदल चांगला आहे. आईवडिलांना मी एवढेच सांगते की विमानतळावर त्याला घ्यायला जाताना, त्याच्या भावाच्या वेळी जेवढे लोक नेले होते तेवढे न्यावेत की नाही, हे त्यालाच विचारा. काहींना फलक आणि फुगे हवे असतात, काहींना फक्त वडील आणि गाडी.

अनघा_दे

सायली, विमानतळाचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. सॉल्ट लेक सिटीचा नवा विमानतळ सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झाला, तेव्हा येणाऱ्यांच्या स्वागतासाठी त्यात मुद्दाम एक प्रशस्त दालन बांधले गेले, कारण जुन्या इमारतीत परतणाऱ्या मिशनऱ्यांच्या कुटुंबांमुळे सामानाच्या पट्ट्याजवळ चालायला जागा उरत नसे. मार्च 2020 मध्ये तर जगभरातून हजारो मिशनरी एकदम परत बोलावले गेले. अंतर राखण्याच्या सूचना असूनही पार्किंगच्या इमारतीत फलक घेऊन कुटुंबांची एवढी गर्दी झाली की राज्यातील नेत्यांना जाहीरपणे नाराजी व्यक्त करावी लागली. माझ्या मैत्रिणीची मुलगी त्याच सुमारास ब्राझीलहून आली होती. घरी चौदा दिवस विलगीकरणात एकटीने काढायचे होते, आणि दीड वर्ष एक क्षणही एकटी न राहिलेल्या त्या मुलीला तेच फार जड गेले. पहिल्या रात्री ती आईला फोनवरून म्हणाली, ‘खोलीत दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही.’

परतल्यानंतरच्या या विचित्र दिवसांविषयी कोणीच फारसे लिहीत नाही. दुकानात एकट्याने जायचे धैर्य होत नाही, गाणी ऐकताना अपराधी वाटते, मुलींशी हस्तांदोलनापलीकडे काय बोलायचे ते आठवत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी घरचे व चर्चमधले लोक लग्नाविषयी विचारू लागतात.

खेळाडूंचे तर निराळेच. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा शॉन ब्रॅडली हा साडेसात फूट उंचीचा बास्केटबॉलपटू एकच हंगाम खेळून दोन वर्षे ऑस्ट्रेलियात मिशनवर गेला, परत आला आणि 1993 मध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या खेळाडू-निवडीत दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला. दोन वर्षांच्या खंडाने त्याचे नुकसान झाले नाही, पण सगळ्यांचे तसे होत नाही.

चिंतोपंत

चर्चा अमेरिकेची चालली असली तरी पुणेकर या नात्याने थोडी भर घालतो, आणि ती विषयाला धरूनच आहे. मॉर्मन मिशनऱ्यांचा पुण्याशी संबंध फार जुना आहे. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी 1851 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यास गेला. लष्कराच्या वस्तीत त्याने काही युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि मोजके देशी लोक जमवून एक लहानशी शाखा स्थापन केली. वृत्तपत्रांचा, अन्य मिशनऱ्यांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध त्याला सतत सोसावा लागला.

दुसरी तुकडी सॉल्ट लेकहून आली. ऑगस्ट 1852 च्या परिषदेत हिंदुस्थानसाठी जी माणसे नेमली गेली, ती सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने जानेवारी 1853 मध्ये निघून एप्रिलमध्ये कलकत्त्यास पोहोचली. दुर्दैव असे की त्याच परिषदेत चर्चने बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा केली होती आणि तिची बातमी या लोकांच्या पाठोपाठ, किंबहुना काही गावी त्यांच्याआधीच, पोहोचली. इंग्रजांच्या वसाहतींची दारे त्यांना बंद झाली ती मुख्यतः त्यामुळे. 1856 च्या सुमारास ते सारे परतले.

आजच्या मुलांशी तुलना करता काही गोष्टी ठळकपणे जाणवतात. ती माणसे बहुतेक विवाहित होती, बायकामुलांना मागे ठेवून मुदतीचा कोणताही निश्चित आकडा न घेता आली होती, आणि पैशाची थैली न बाळगता लोकांच्या दारी जे मिळेल त्यावर राहण्याचा त्यांचा नियम होता. पत्र घरी पोहोचण्यास महिनेच्या महिने लागत. आणि उंबरठाताईंच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे माणसे थोडी आणि देश अफाट असल्यामुळे ती पुष्कळदा एकटीच राहत असत. जोडीदाराचा जाच त्यांना नव्हता, एकटेपणाचा होता.

कोरडेठाक

चिंतोपंत, ही माहिती मला पूर्णपणे नवीन होती. धन्यवाद. सध्या भारतात यांचे काम कितपत आहे?

चिंतोपंत

बंगळूर येथे 1993 पासून आणि नवी दिल्ली येथे 2007 पासून त्यांची मिशन-कार्यालये आहेत, आणि बंगळूरला मंदिर बांधण्याची घोषणा 2018 मध्ये झाली. दक्षिणेत सभासद अधिक आहेत. भारतीय तरुण-तरुणीही मिशनवर जातात. त्यांना देशातल्याच दुसऱ्या राज्यात नेमतात किंवा परदेशी पाठवतात.

उंबरठा

याला दुजोरा देते. सॉल्ट लेकच्या टेंपल स्क्वेअरमध्ये, म्हणजे चर्चच्या मंदिराच्या आवारात, पाहुण्यांना माहिती देण्यासाठी जगभरच्या तरुण सिस्टर मिशनरी असतात आणि त्यांच्या नामपट्टीशेजारी आपापल्या देशाचा लहानसा झेंडा लावलेला असतो. तिथे तिरंगा लावलेली एक मुलगी मला भेटली होती. ती हैदराबादची होती आणि तिची जोडीदारीण मंगोलियाची होती. दोघींची समान भाषा मोडकी इंग्रजी. बाहेर हिमवर्षाव चालू होता आणि ती मंगोलियन मुलगी हिला मफलर कसा गुंडाळायचा ते दाखवत होती. त्या हैदराबादच्या मुलीला मी जेवायला बोलावले, पण तिच्या क्षेत्राबाहेर जाण्याची तिला परवानगी नव्हती.

निळासावळा

शेवटची एक शंका. आम्ही नुकतेच डॅलसला आलो आहोत आणि दोन मिशनरी मुले आमच्या संकुलात फिरताना दिसतात. धर्मचर्चेत रस नाही, पण मुले लांबून आली आहेत, उन्हात सायकली हाणतात, म्हणून पत्नीला त्यांना एकदा घरी जेवायला बोलवावेसे वाटते. हे योग्य होईल का, आणि काय पाळावे?

उंबरठा

अवश्य बोलवा. धर्मचर्चा नको असे आधीच सांगितलेत तर ते वाईट वाटून घेत नाहीत. फार तर निघताना एक छोटी प्रार्थना करू का म्हणून विचारतील, आणि नको म्हटलेत तरी चालते. महिन्याचा पहिला रविवार टाळा, कारण त्या दिवशी त्यांचा उपवास असतो. जेवणाची वेळ त्यांच्यासाठी साधारण तासाभराची असते, त्यामुळे पान आधी वाढून ठेवलेले बरे. चहा-कॉफी विचारू नका. कोकम सरबत, पन्हे, ताक चालते, आणि मसाला दूध तर ही मुले दोन-दोन पेले पितात. एकाला तिखट सोसते आणि दुसऱ्याला नाही असे हमखास असते, म्हणून वरणभात, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या असा बेत निर्धोक ठरतो. उरलेले डब्यात भरून दिलेत तर महिनाअखेरीला त्याचे मोल फार असते. आणि एक गोष्ट पत्नीला आधीच सांगून ठेवा : तुम्ही स्वतः घरी नसाल आणि त्या एकट्याच असतील तर ती मुले उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, दारातच उभी राहून पुन्हा येतो म्हणतील. तो त्यांचा नियम आहे, तेव्हा तुम्ही घरी असाल अशीच वेळ द्या.